शेजारची सीट विकत घ्यावी का?

वाचकांचे प्रश्न : प्रवास

सुट्टीतील विमानप्रवासाविषयी प्रश्न मागवले, तेव्हा व्हिसा आणि विमा यांचीच पत्रे येतील असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली पाच पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली: एका माणसासाठी दुसरी सीट विकत घ्यावी का, आणि घ्यायची तर कशी. नौपाड्यात तिकिटांचे काम करत असताना हा प्रश्न मला वर्षातून एखाद्या वेळी, तोही दबक्या आवाजात विचारला जात असे. आता तो मोकळेपणाने विचारला जातो, ही चांगली गोष्ट आहे.

प्रश्न : माझे यजमान अंगाने स्थूल आहेत, वजन १३४ किलो. गेल्या वर्षी कोलकात्याला जाताना शेजारच्या गृहस्थांनी तोंडाने एक शब्द न बोलता संपूर्ण प्रवासभर जी नाराजी दाखवली, तिच्यामुळे यजमानांनी परतीचे तिकीट रद्द केले आणि आम्ही रेल्वेने घरी आलो. आता जुलैमध्ये मुलाकडे कॅल्गरीला जायचे आहे. मुलगा म्हणतो की कॅनडात अशा प्रवाशांना दुसरी सीट फुकट मिळते, तेव्हा पैसे घालवू नका. हे खरे आहे का? आणि नसेल तर दोन सीट घ्यायच्या कशा?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : मुलाने ऐकले ते खरे आहे, पण ते आपल्या मुंबई ते कॅनडा या प्रवासाला लागू पडत नाही. कॅनडाच्या परिवहन प्राधिकरणाने जानेवारी २००८ मध्ये 'एक व्यक्ती, एक भाडे' असा निर्णय दिला, विमान कंपन्यांनी त्याविरुद्ध केलेला अर्ज तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऐकण्यास नकार दिला आणि २००९ पासून निर्णय अमलात आला. परंतु तो कॅनडाच्या आतल्या, म्हणजे एका कॅनेडियन शहरातून दुसऱ्या कॅनेडियन शहरात जाणाऱ्या विमानांपुरता आहे, आणि स्थूलतेमुळे माणूस एका सीटमध्ये बसूच शकत नाही हे कंपनीने ठरवलेल्या पद्धतीने आधी सिद्ध करावे लागते. मुंबईहून निघणाऱ्या लांबच्या टप्प्याला त्याचा उपयोग नाही. अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनी जादा सीटचे पैसे प्रवासानंतर परत देत असे, त्यामुळेही अशा समजुती पसरल्या. त्या कंपनीनेही २७ जानेवारी २०२६ पासून आपले नियम कडक केले असून परतावा आता विमानात जागा रिकामी राहण्यासारख्या अटींवर अवलंबून आहे. थोडक्यात, आपल्याला दुसऱ्या सीटचे पैसे भरावे लागतील असे धरूनच चालावे.

ते भरावेत का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंकोच 'हो' असे आहे. आपल्याकडे देशांतर्गत मार्गांवर जास्त दिसणाऱ्या एअरबस ए३२० या विमानात सीटची रुंदी सुमारे १८ इंच असते आणि बोइंग ७३७ मध्ये ती सुमारे १७ इंच असते. धिप्पाड बांध्याच्या माणसाचे खांदेच यापेक्षा रुंद असतात. ही अडचण आपल्या यजमानांच्या देहाने निर्माण केलेली नाही, ती कंपनीच्या मापपट्टीने केलेली आहे, एवढे त्यांना माझ्या वतीने सांगावे. दोन-अडीच तासांत जे कसेबसे निभावते ते चौदा-पंधरा तासांत निभावत नाही.

आता आपण दोघे आहात, हा मोठा फायदा आहे, कारण तुम्हाला चार सीट घ्याव्या लागणार नाहीत. लांब पल्ल्याच्या बोइंग ७८७ मध्ये सीट तीन-तीन-तीन अशा असतात, तर बोइंग ७७७ मध्ये बहुतेक कंपन्या आता तीन-चार-तीन अशी मांडणी करतात. या दोन्ही विमानांत खिडकीकडची तीनची संपूर्ण रांग घेतली की दोघांत मिळून एकच सीट जादा लागते, आर्मरेस्ट वर करता येते आणि शेजारी परका माणूस उरतच नाही. एअरबस ए३३० मध्ये मात्र मांडणी दोन-चार-दोन असते, आणि तेथे तीन सीट घेतल्या की त्या मधल्या चारांतल्याच असतात, म्हणजे चौथ्या सीटवर कोणीतरी येणारच. म्हणून तिकिटाचे दर पाहण्याआधी विमान कोणते आहे ते पाहावे. मी स्वतः ग्राहकांना दोन-तीन हजार रुपये महाग पडले तरी खिडकीकडे तीन सीटची रांग असलेलेच विमान सुचवत असे.

सीट निवडताना एक चूक हमखास होते आणि ती मी स्वतः केलेली आहे. नौपाड्यातीलच एका ग्राहकांना मी मोठ्या आपुलकीने पहिल्या रांगेतल्या दोन सीट घेऊन दिल्या, पुढे पाय मोकळे राहतील म्हणून. पहिल्या रांगेत समोर सीट नसल्यामुळे जेवणाचा ट्रे आर्मरेस्टच्या आत घडी करून ठेवलेला असतो, आणि ती आर्मरेस्ट जाडजूड आणि पक्की बसवलेली असते, वर होत नाही. परिणाम असा झाला की त्या गृहस्थांनी दोन सीटचे पैसे भरून दोन अरुंद खुर्च्या आणि मध्ये एक भिंत विकत घेतली. संकटकालीन दरवाजाजवळच्या रांगेतही पुष्कळदा हाच प्रकार असतो, शिवाय सीटचा पट्टा अपुरा पडून त्याला लांबी वाढवणारा जोड लागणाऱ्या प्रवाशाला तेथे बसू देत नाहीत. तेव्हा जादा सीट घ्यायची तर मधल्या साध्या रांगांतलीच घ्यावी.

तिकीट काढण्याची पद्धत अशी. प्रवासाच्या सर्वसाधारण संकेतस्थळांवर जादा सीटचा पर्याय बहुधा नसतो, म्हणून थेट विमान कंपनीच्या कार्यालयातून, फोनवरून किंवा जाणत्या एजंटकडून तिकीट काढावे, आणि तिन्ही सीट एकाच पीएनआरमध्ये, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर असाव्यात. जादा सीटवर दुसऱ्या माणसाचे नाव नसते. बहुतेक कंपन्या प्रवाशाच्या आडनावासोबत 'ईएक्सएसटी' ही अक्षरे लिहितात, आणि त्यावरून ती सीट आरामासाठी घेतलेली आहे हे यंत्रणेला कळते. तिकीट हातात आल्यावर भाड्याचा तपशील ओळीओळीने वाचावा. विमानतळाचे वापरशुल्क आणि सुरक्षाशुल्क ही प्रत्यक्ष विमानात चढणाऱ्या माणसामागे आकारायची रक्कम आहे, आणि रिकामी सीट काही सुरक्षातपासणीतून जात नाही. ती रक्कम लावलेली दिसली तर विचारणा अवश्य करावी. जादा सीटमागे जादा सामान मिळते, असाही एक समज आहे. काही कंपन्या देतात, पुष्कळशा देत नाहीत, म्हणून जे सांगतील ते ईमेलवर लिहून घ्यावे.

विमानतळावर घरबसल्या केलेल्या चेक-इनवर विसंबू नये. काउंटरवर जाऊन तिन्ही सीटचे तीन बोर्डिंग पास घ्यावेत आणि गेटवर तिन्ही स्कॅन होतात याकडे लक्ष द्यावे. दोनच स्कॅन झाले तर तिसरा प्रवासी आलाच नाही अशी नोंद होते आणि ती सीट प्रतीक्षायादीतल्या कोणाला तरी दिली जाते. आत शिरताच केबिन क्रूला पास दाखवून ठेवावा आणि पट्ट्याचा जोड त्याच वेळी मागून घ्यावा, म्हणजे सगळे बसल्यावर हाक मारून मागण्याचा संकोच राहत नाही. ऐनवेळी विमान बदलले आणि सीट एकमेकांपासून तुटल्या, तर काउंटरवरच त्या जोडून मागाव्यात. ते शक्य नसेल तर तसे लिहून घेऊन न मिळालेल्या सीटचे पैसे परत मागावेत, आणि त्यासाठी सगळे पास घरी येईपर्यंत जपून ठेवावेत. परतीच्या प्रवासात हे सगळे पुन्हा करावे लागते, कारण जाताना सीट बरोबर मिळाली म्हणून येतानाही मिळेल असे नसते.

प्रश्न : कामानिमित्त दर पंधरवड्याला बंगळुरूला जातो. शेजारी कोणी नसेल तर लॅपटॉपवर काम होते. माझ्या मित्राने चुलत भावाच्या नावाने दुसरे तिकीट काढले आणि तो एकटाच गेला. ही युक्ती बरी वाटते. आपले मत काय?
— ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : मित्राला त्या दिवशी सीट रिकामी मिळाली असेल तर ती विमान भरलेले नव्हते म्हणून, त्याच्या तिकिटामुळे नव्हे. जो प्रवासी चेक-इन करत नाही किंवा गेटवर येत नाही, त्याची सीट कंपनी मोकळी करते आणि गरज असेल तर दुसऱ्याला देते. न येणाऱ्या भावाच्या नावाने चेक-इन करून त्याचा पास स्कॅन करून घेणे हा तर सरळसरळ खोटेपणा आहे, आणि विमानात किती माणसे चढली याची मोजणी जुळली नाही की विमान खोळंबते. स्वतःच्याच नावाने एकाच विमानाची दोन तिकिटे काढणारेही मी पाहिले आहेत. तेथे यंत्रणा त्यांतले एक तिकीट चुकून दोनदा काढलेले समजते आणि रद्द करते.

सरळ मार्ग उपलब्ध असताना हा आडमार्ग कशासाठी? इंडिगोने जुलै २०२०मध्ये, करोनाच्या काळात, एकाच प्रवाशाच्या नावे दोन सीट घेण्याची सोय सुरू केली होती, आणि त्या काळात लोकांना या गोष्टीची प्रथमच ओळख झाली. परदेशी कंपन्यांत तर याचे अनेक प्रकार आहेत: एतिहादसारख्या काही कंपन्या शेजारच्या सीटसाठी बोली लावू देतात, एअर न्यूझीलंडने २०११ पासून तीन सीटचा पलंग होईल अशी 'स्कायकाउच' नावाची रांगच तयार केली आहे, आणि लुफ्तान्सा लांबच्या काही विमानांत झोपण्यासाठी संपूर्ण रांग विकते. मात्र बोली लावून मिळालेली जागा आणि विकत घेतलेली जागा यांत फरक आहे. विमान भरले तर बोलीची जागा जाते आणि पैसे परत येतात, पण शेजारी माणूस बसतो तो बसतोच.

पावणेदोन तासांच्या प्रवासासाठी दुहेरी भाडे मी तरी भरणार नाही. मंगळवार-बुधवारचे दुपारचे विमान धरावे आणि सीट मागच्या भागात, आइलकडची, म्हणजे चालण्याच्या वाटेलगतची घ्यावी. मधली सीट सगळ्यांत शेवटी भरते, त्यामुळे ती मोकळी राहण्याची शक्यता तेथे बरी असते. सहकारी बरोबर असेल तर एकाने खिडकी आणि दुसऱ्याने आइल घ्यावी. मध्ये कोणी आलेच तर तो आनंदाने कडेची सीट स्वीकारतो. आणखी एक गोष्ट, विषयाला धरूनच. २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या नवी मुंबई विमानतळावरूनही विमाने सुटू लागली आहेत. ऐरोलीकराने तिकिटावर 'बीओएम' (मुंबईचा जुना विमानतळ) आहे की 'एनएमआय' (नवी मुंबई) हे वाचल्याशिवाय टॅक्सी बोलावू नये, कारण जादा सीट घेतलेल्या प्रवाशाला काउंटर गाठावेच लागते आणि देशांतर्गत काउंटर बहुधा एक तास आधी बंद होतो.

प्रश्न : माझे वय ६६ आहे. चार महिन्यांपूर्वी उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन सांधा बदलला. गुवाहाटीला बहिणीकडे जायचे आहे. सूनबाई म्हणते, दोन सीट घेऊ म्हणजे पाय पसरता येईल. खर्च करावा का?
— वाशी

उत्तर : सूनबाईंचा हेतू चांगला आहे, पण या खर्चाने आपले दुखणे हलके होणार नाही. शेजारची सीट घेतली की जागा रुंदीला वाढते, लांबीला एक इंचही वाढत नाही, आणि गुडघ्याला हवी असते ती लांबी. पाय आडवा करून शेजारच्या सीटवर ठेवता येईल हे खरे, पण उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी सरळ बसून पट्टा बांधावाच लागतो. मधल्या वेळात खिडकीला पाठ टेकून पाय आइलकडे पसरला तर जेवणाची ढकलगाडी नेमकी त्याच पायाला लागण्याची भीती असते.

आपल्यासाठी जादा पायजागेची सीट योग्य. साध्या रांगेत एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचे अंतर २८ ते ३० इंच असते; ज्या रांगांत ते जास्त आहे त्या रांगा कंपन्या थोडे अधिक पैसे घेऊन विकतात, आणि ही रक्कम दुसऱ्या सीटच्या भाड्यापेक्षा पुष्कळच कमी असते. पहिली रांग मिळाली तर उत्तम, आणि वर ठाण्याच्या वाचकांना जी रांग टाळा म्हणालो तीच आपल्याला घ्या म्हणतो आहे, यात विसंगती नाही: त्यांना रुंदी हवी आहे, आपल्याला लांबी. संकटकालीन दरवाजाजवळची रांग मागू नये, कारण मदतीची गरज असलेल्या प्रवाशाला ती देत नाहीत. आता सीटचे अक्षर. ए३२० मध्ये विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसले असता ए, बी, सी या सीट डाव्या बाजूला येतात, म्हणून 'सी' सीटवर आइल आपल्या उजव्या हाताला राहते. आपला गुडघा उजवा आहे, तेव्हा 'सी' घ्यावी, म्हणजे वाट मोकळी असताना तोच पाय अधूनमधून बाहेर लांब करता येईल. डावा गुडघा असता तर 'डी' सांगितली असती. व्हीलचेअरची नोंद किमान ४८ तास आधी करावी, आणि सांध्यातील धातूमुळे तपासणीचे यंत्र वाजणार हे गृहीत धरून डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये वर ठेवावी.

सीट कोणतीही असली तरी मधूनमधून उठून चार पावले चालणे सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार चार तास किंवा त्याहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तो मुळात थोडा असला तरी नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी पायमोजे आणि औषध यांविषयी आपल्या डॉक्टरांना विचारूनच निघावे.

कोणी बिझनेस क्लास सुचवेल, तर हिशेब असा मांडावा. समजा इकॉनॉमीचे मूळ भाडे ६,००० रुपये आहे. ५ टक्के जीएसटी धरून दोन सीटचे १२,६०० रुपये होतात. बिझनेसचे मूळ भाडे १८,००० असेल तर त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी १८ टक्के जीएसटी लागतो आणि रक्कम २१,२४० होते. विमानतळाचे शुल्क दोन्हीकडे वेगळे. मात्र कधीकधी बिझनेसचे भाडे उतरलेले असते, आणि दोन्हींतला फरक दोन-तीन हजारांचा उरला तर आपल्यासारख्यांनी खुशाल बिझनेस घ्यावे, कारण तेथे रुंदी आणि लांबी दोन्ही मिळतात.

प्रश्न : गुरूंकडून मिळालेला मिरजेचा तानपुरा दिल्लीला न्यायचा आहे. सामानात टाकायचा धीर होत नाही. त्याच्यासाठी सीट घेता येते का?
— पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : येते, आणि धीर होत नाही हे रास्तच आहे. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण सामान चढवणाऱ्या कामगाराला ते दिसत नाही आणि भोपळा एकदा तडकला की तो पूर्वीसारखा होत नाही. अशा सीटची नोंद 'ईएक्सएसटी' नव्हे तर 'सीबीबीजी' या अक्षरांनी, म्हणजे केबिनमधील सामान म्हणून करतात, आणि ती आयत्या वेळी होत नाही. वाद्याची लांबी, रुंदी आणि वजन पेटीसकट मोजून कंपनीला आधी कळवावे लागते. वजनाची मर्यादा बऱ्याच कंपन्यांत ७५ किलोच्या आसपास असल्याने तिची चिंता नाही. अडचण येते ती उंचीची. पुरुष गायकांच्या पाच फुटांच्या मर्दानी तानपुऱ्याला कंपनी नकार देऊ शकते, गायिकांचा लहान जनाना तानपुरा सहसा बसतो. वाद्याला खिडकीकडची सीट देतात, म्हणजे कोणाची वाट अडत नाही, आणि आपण त्याच्या शेजारी बसायचे असते. पट्ट्याचा जोड लावून ते घट्ट बांधले जाते. भोपळा सीटवर ठेवायचा की पायाशी, हे केबिन क्रू सांगेल तसे करावे, मात्र मऊ टॉवेल आपल्याजवळ असावा. तारा उतरवून ठेवाव्यात, हे आपल्याला मी सांगायला नको. क्ष-किरण यंत्रात पेटी मावली नाही तर ती उघडून तपासतील, म्हणून नेहमीपेक्षा अर्धा तास आधी पोहोचावे.

प्रश्न : मुलगी २२ महिन्यांची आहे. दुबईला तीन महिने राहून परत येऊ. तिला सीट घ्यायची की मांडीवर न्यायचे?
— खारघर

उत्तर : जाताना निवड आपली आहे, येताना नाही. दोन वर्षांखालील मूल मांडीवर नेता येते, पण वय धरले जाते ते त्या त्या प्रवासाच्या दिवसाचे. परतताना ती २५ महिन्यांची असेल, तेव्हा तिच्या नावाची स्वतंत्र सीट लागेलच. तिकीट काढतानाच परतीची सीट घेतली नाही तर दुबईच्या काउंटरवर त्या दिवसाच्या दराने घ्यावी लागते. जातानाही सीट घ्यायची झाल्यास ती जादा सीट म्हणून न घेता मुलीच्या पासपोर्टावरील नावाने घ्यावी, आणि विमानात वापरण्यास मान्यता असल्याचे लेबल लावलेली मोटारीतील बालखुर्ची बरोबर न्यावी. एवढ्या लहान मुलाला खुर्चीशिवाय नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर एकटे बसवू देत नाहीत, आणि मग पैसे भरलेली सीट मोकळी ठेवून उड्डाणाच्या वेळी मूल मांडीवरच घ्यावे लागते. खुर्चीची रुंदी १७ इंचांपेक्षा कमी आहे का, हे घरीच टेपने मोजावे. दुकानातल्या दिमाखदार खुर्च्या पुष्कळदा त्याहून रुंद भरतात.